गोड ज्वारीला खत देताना

गोड ज्वारीच्या शेतातून शेवटी विकलं काय जातं, हे खत घ्यायला निघण्याआधी नीट समजून घ्या. तिच्या ताटातला, म्हणजे खोडातला, गोड रस आंबवून इथेनॉल हे इंधन काढतात, आणि इथेनॉल म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. हे तिन्ही पिकाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेले असतात. खताच्या पोत्यातल्या नत्राचा (नायट्रोजन), स्फुरदाचा (फॉस्फरस) किंवा पालाशाचा (पोटॅशियम) कणही इंधनाच्या टाकीत पोचत नाही. तो राहतो पानांत, कणसात, चिपाडात आणि रस आंबवून इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या पाण्यात. बारा हंगाम हे पीक घेतल्यावर माझा खताचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर येऊन थांबलाय. साखर करणारी पानं आणि ती साठवणारं ताट उभं राहील एवढंच खत द्यायचं, आणि शेतातून जे बाहेर जातं त्यातलं जमेल तेवढं परत आणायचं.

हे मला सुरुवातीपासून कळत होतं असं नाही. त्याआधी मी मका करायचो आणि मक्याचाच हात गोड ज्वारीला लावला. तिसऱ्या हंगामात हेक्टरी १६० किलो नत्र दिलं. पीक काळंभोर हिरवं झालं, ताटं साडेतीन मीटरवर गेली, बघणारा प्रत्येकजण बांधावर थांबून कौतुक करायचा. फुलोऱ्यानंतर एका रात्री वारा आला आणि सकाळी निम्मं शेत आडवं झालं होतं. आडव्या पडलेल्या ताटांनी आठवडाभरात शेंडे वर वळवले, प्रत्येक ताटाला कोपर आलं. मधलं पेर कापून पक्कडीने रस पिळला, थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर ठेवला आणि उजेडाकडे धरून पाहिलं, तर ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा अंदाज देणारा आकडा, ११. त्याच शेताच्या कडेला दोन ओळींत युरिया कमी पडला होता. तिथली ताटं हातभर बुटकी आणि फिकट, पण सरळ उभी होती आणि तिथला थेंब १७ दाखवत होता. त्या दोन ओळींनी मला जेवढं शिकवलं तेवढं कोणत्याही पत्रकाने शिकवलं नाही.

असं का होतं ते साधं आहे. नत्र भरपूर मिळत राहिलं की पीक वाढ थांबवत नाही. पानांत तयार झालेली साखर ताटात साठायच्या ऐवजी नवीन पानांत, फुटव्यांत आणि प्रथिनांत खर्च होते. पक्वता लांबते, ताट उंच आणि कमकुवत होतं. लोळलेलं ताट उभं राहायला पुन्हा साखर जाळतं. शिवाय कोवळ्या, रसरशीत पानांवर मावा जोरात येतो.

किती द्यायचं

बहुतेक जमिनींत हेक्टरी ६० ते १०० किलो नत्र पुरतं. कोणतीच माहिती हाताशी नसेल तर ८० किलो नत्र, ४० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश हा सुरुवातीचा आकडा धरा. एकरी काढायचं तर अडीचने भागा. मक्याच्या मानाने हे कमी वाटतं, आणि ते कमीच आहे. गोड ज्वारीची मुळं दीड मीटर आणि त्याखालीही जातात, वरच्या थरातून निसटलेलं नत्र खालून उचलतात. म्हणूनच चांगल्या, सेंद्रिय अंश असलेल्या जमिनीत जास्तीच्या नत्राला हे पीक फारसं उत्तरच देत नाही. हलक्या, वाळूमिश्रित जमिनीत मात्र देतं, आणि तिथे ८० वरून १०० वर जायला माझी हरकत नसते.

आकडा कमी कधी करायचा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. आधी सोयाबीन, हरभरा, मूग असं द्विदल पीक होतं का? मग २० ते ३० किलो नत्र वजा करा. चांगलं कुजलेलं शेणखत हेक्टरी १० टन टाकलंय? त्यात साधारण ५० किलो नत्र असतं, पण पहिल्या वर्षी पिकाला त्यातलं एक तृतीयांश मिळालं तरी खूप, म्हणून १५ किलो वजा करा, ५० नव्हे. पन्नासच्या पन्नास वजा करून नंतर पिवळ्या पिकाकडे बघत बसलेले लोक मी पाहिलेत.

इंधनासाठी पीक घेताना आणखी एक हिशोब डोळ्यांसमोर हवा. नत्रखत बनतं ते नैसर्गिक वायू किंवा कोळसा वापरून. चांगल्या, आधुनिक कारखान्यातही एक किलो नत्र अमोनियाच्या रूपात आणायला ३५ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते. एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१ मेगाज्यूल ऊर्जा असते. म्हणजे गरज नसताना टाकलेल्या प्रत्येक किलो नत्राबरोबर दीड लिटरहून जास्त इथेनॉलची ऊर्जा आपण मातीत ओतली. मातीत जास्तीच्या नत्रापासून नायट्रस ऑक्साइड सुटतो तो वेगळाच. शंभर वर्षांच्या मापाने तो हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट जड पडतो. ज्याला या पिकातून स्वच्छ इंधन द्यायचंय, त्याने हे मनावर घ्यायलाच हवं.

माती आधी बघा

पेरणीच्या महिनाभर आधी माती परीक्षणाचा नमुना घ्या. शेतात नागमोडी चालत १५ ते २० ठिकाणी, वरचा पालापाचोळा सारून, व्ही आकाराचा खड्डा करा आणि त्याच्या उभ्या बाजूची माती वरपासून खालपर्यंत एकसारखी तासून घ्या. बांधाजवळ, झाडाखाली, जुन्या उकिरड्याच्या जागी घेऊ नका. सगळी माती एकत्र करून ढीग चौभागी करायचा, समोरासमोरचे दोन भाग काढून टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. गोड ज्वारीसाठी मी आणखी एक नमुना ६० सेंटीमीटर खोलीपर्यंतचा घेतो आणि त्यात फक्त नायट्रेट, म्हणजे पिकाला लगेच उचलता येणारं नत्र, तपासून मागतो. ज्या वर्षी खाली भरपूर नायट्रेट सापडतं त्या वर्षी माझी नत्राची दुसरी मात्रा अर्ध्यावर येते.

सामू (पीएच) साडेपाच ते साडेआठच्या दरम्यान असेल तर पीक निभावून नेतं. साडेपाचच्या खाली गेला तर ॲल्युमिनियम मुळांना जाळतं. तिथे आधी चुना, मग खत.

पोत्यांचा हिशोब

८०:४०:४० साठी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट), युरिया आणि म्युरेट ऑफ पोटॅश वापरत असाल तर हेक्टरी असं बसतं. डीएपी ८७ किलो. त्यात ४० किलो स्फुरद आणि जवळजवळ १६ किलो नत्र आलं. म्युरेट ६७ किलो. पेरणीच्या वेळी नत्र ४० किलो करायला युरिया ५३ किलो. उरलेलं ४० किलो नत्र महिन्याने, म्हणजे युरिया ८७ किलो. डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट घेतलं तर ते २५० किलो लागतं, पोती उचलायचा त्रास वाढतो, पण सोबत २५ किलोहून जास्त गंधक फुकट मिळतं. तेव्हा पेरणीचा युरियाही ५३ ऐवजी ८७ किलो धरावा लागतो. जमीन हलकी असेल किंवा वर्षानुवर्षं फक्त युरिया आणि डीएपीवर चालली असेल तर मी सुपर फॉस्फेटच घेतो.

पेरताना खत बियाण्याला चिकटू देऊ नका. ज्वारीचं बी बारीक, त्याचा कोंब नाजूक. युरिया किंवा डीएपी त्याच्या अंगाला लागलं की सुटणारा अमोनिया कोंब जाळतो. बियाण्याच्या बाजूला ५ सेंटीमीटर आणि त्याखाली ५ सेंटीमीटर ही जागा बरोबर. दोन चाड्यांच्या पाभरीने पेरत असाल तर खताचा दाता बियाण्याच्या दात्यापेक्षा खोल चालतोय ना, हे पहिल्या दहा पावलांनंतर माती उकरून बघा. मी दर वेळी गुडघ्यावर बसून बोटांनी उकरतो. स्फुरद असं पट्ट्यात दिल्याचा फायदा दुहेरी आहे. मातीत ते जागच्या जागी बांधलं जातं, पट्ट्यात कमी बांधलं जातं, आणि कोवळ्या मुळांना जवळ मिळतं. शेतभर विस्कटलेल्या स्फुरदाचा मोठा भाग त्या हंगामात पिकाला दिसतही नाही.

बियाण्याला हवेतलं नत्र धरणारे ॲझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू लावा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी.

दुसरी मात्रा कधी

हाच सगळ्यात मोलाचा टप्पा, आणि इथेच लोक कॅलेंडर बघतात, पीक बघत नाहीत. उगवणीनंतर ३० ते ३५ दिवसांच्या सुमारास, ७ ते १० पानं पूर्ण उघडलेली असताना, ताटाच्या आतला वाढीचा शेंडा पानं काढणं थांबवून कणसाची तयारी सुरू करतो. त्यानंतर पीक झपाट्याने वाढतं आणि अन्नद्रव्यं ओढायला लागतं. अर्धा फुलोरा येईपर्यंत त्याने आयुष्यभराच्या गरजेपैकी जवळजवळ ७० टक्के नत्र, ६० टक्के स्फुरद आणि ८० टक्के पालाश उचललेलं असतं. म्हणजे दुसरी मात्रा फुलोऱ्याच्या जवळ देणारा माणूस जेवण संपल्यावर ताट वाढतोय.

शेंडा कसा ओळखायचा? सरासरी उंचीची चार-पाच रोपं मुळासकट उपटा, धारदार पात्याने बुंध्यापासून वर मधोमध चिरा. आत एकावर एक गुंडाळलेली पानं दिसतील आणि त्यांच्या तळाशी एक बारीक, पांढरट, अर्धपारदर्शक टोक. आधी ते जमिनीच्या पातळीखाली, घुमटासारखं बसकं असतं. वेळ आली की ते लांबट होऊन जमिनीच्या वर सरकलेलं दिसतं, खाली पेरं पडायला लागलेली असतात. असं दिसलं की दोन-तीन दिवसांत युरिया द्या. भिंगातून बघितलं तर आणखी स्पष्ट दिसतं. मुलांना दाखवा, त्यांना फार आवडतं.

आता हाताने द्यायचं तर माप कसं धरायचं? ओळींतलं अंतर ६० सेंटीमीटर असेल तर हेक्टरभर ओळींची एकूण लांबी होते १६,६६७ मीटर. ८७ किलो युरिया त्यावर वाटला की मीटरमागे सव्वापाच ग्रॅम येतो. बारीक काट्यावर ५२ ग्रॅम मोजून एका पेल्यात घ्या, पेल्याला आतून रेघ मारा, आणि तेवढा १० मीटर ओळीला पुरवून बघा. दोन-चार वेळा केलं की हाताला सवय लागते. हे न करता मूठ मोकळी सोडली तर सुरुवातीच्या ओळींना दुप्पट पडतं आणि शेवटच्या ओळींना उरत नाही. माझ्या त्या दोन फिकट ओळी तशाच तयार झाल्या होत्या.

युरिया ओळीच्या बाजूला, ताटापासून चार बोटं लांब टाका आणि लगेच कोळपणी करून मातीआड करा. वर उघडा राहिला तर उन्हात, त्यातही चुनखडीच्या जमिनीत, त्यातलं नत्र अमोनिया होऊन उडून जातं. कोळपणी शक्य नसेल तर हलकं पाणी द्या किंवा पाऊस येणार असेल तेव्हाच टाका. उलट शेतात पाणी साचलेलं असेल तर थांबा, वापसा येऊ द्या. पाण्याखाली नायट्रेटचं वायूत रूपांतर होतं. पानांच्या पोंग्यात दाणे पडू देऊ नका, पोंगा करपतो. आणि विरळणी, तणनियंत्रण आधी उरकलेलं असू द्या, नाहीतर खत तणालाच पोचतं.

पीक पोटरीत आल्यावर, म्हणजे कणीस वरच्या पानाच्या आवरणात फुगल्यावर, नत्र देऊ नका. पानं थोडी फिकट दिसली तरी देऊ नका. फुलोऱ्यानंतर खालची पानं हळूहळू पिवळी पडणं हे चांगलं लक्षण आहे, त्यांच्यातलं नत्र कणसाकडे निघालंय आणि साखर ताटात थांबायला लागली आहे. या काळात मन घट्ट ठेवावं लागतं, मला अजूनही ठेवावं लागतं. आंबवण्याच्या टाकीत यीस्टला थोडं नत्र लागतं हे खरं, पण ते तिथेच मोजून घालता येतं. त्यासाठी शेतात ओतायची गरज नाही. चिपाड किंवा पानं जनावरांना जाणार असतील तर आणखी एक कारण आहे: नत्र जास्त झालं की ताटाच्या खालच्या भागात नायट्रेट साठतं आणि कोवळ्या फुटव्यांत विषारी हायड्रोसायनिक आम्लाचं प्रमाण वाढतं.

पालाशाकडे दुर्लक्ष

धान्याच्या ज्वारीत कणीस घरी येतं आणि कडब्याचा बराच पालाश शेणातून फिरून शेतात परततो. इंधनाच्या ज्वारीत अख्खं ताट गाडीत चढतं, आणि पालाश असतो तो मुख्यतः ताटात आणि रसात. हेक्टरी ५० टन ओलं वजन, त्यात ३० टक्के सुकं धरलं तर १५ टन सुका माल. त्यात एक टक्का पोटॅशियम धरलं तरी १५० किलो होतं, खताच्या पोत्यावरच्या पालाशाच्या भाषेत १८० किलो. आपण दिलं ४०. उरलेलं जमिनीने दिलं. काळ्या, चिकण जमिनी हे वर्षानुवर्षं तक्रार न करता देतात, आणि म्हणूनच फसायला होतं. माझ्या एका तुकड्यात पाच वर्षं काही दिसलं नाही, सहाव्या वर्षी जुन्या पानांच्या कडा करपायला लागल्या आणि ताटं बुंध्यापाशी मोडायला लागली.

पानात तयार झालेली साखर ताटापर्यंत वाहून न्यायला, पानांची रंध्रं उघडझाप करायला आणि बुंधा टणक ठेवायला पोटॅशियम लागतं. तरीही माती परीक्षणात ते भरपूर असेल तर जास्तीचा पालाश घालून ब्रिक्स वाढेल अशी आशा धरू नका. रसात क्षार वाढले की रिफ्रॅक्टोमीटर थोडा वर सरकतो, पण ती साखर नसते. मी दर तीन वर्षांनी त्याच जागेचा पालाश तपासतो आणि आकडा उतरत असेल तर मात्रा ६० वर नेतो. खारवट जमिनीत म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरा, क्लोराइडची भर नको.

पान काय सांगतं

जुन्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवरून आत उतरणारा पिवळा व्ही आकार दिसला तर नत्र कमी. जुन्या पानांच्या फक्त कडा करपल्या तर पालाश. लहान रोपं जांभळट आणि खुरटी दिसली तर स्फुरद, पण थंडीतही तसा रंग येतो, म्हणून आठवडाभर ऊन पडू द्या आणि मग ठरवा. नवीन पानं एकसारखी फिकी पडली तर गंधक. नवीन पानांवर शिरा हिरव्या आणि मधले पट्टे पिवळे, म्हणजे केवडा. तो लोहाचा, चुनखडीच्या जमिनीत हमखास. अशा जमिनीत लोहाचं खत मातीत टाकून फारसा उपयोग नाही, अर्धा ते एक टक्का फेरस सल्फेट थोड्या सायट्रिक आम्लासोबत संध्याकाळी फवारा आणि दहा दिवसांनी परत फवारा. नवीन पानाच्या बुंध्याकडच्या अर्ध्या भागात मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढरट पट्टे आले तर जस्त. जस्त कमी असल्याचं परीक्षणात आलं असेल तर पेरणीपूर्वी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्या, पण ते स्फुरदाच्या खतात मिसळून देऊ नका.

परत आणायचं ते

काढणी करताना पानं सोलून आणि कणीस छाटून शेतात किंवा निदान घरी ठेवता आलं तर नत्राचा मोठा वाटा आपल्याकडेच राहतो, कारण ताटात नत्र थोडंच असतं. रसही स्वच्छ निघतो. यंत्राने अख्खं पीक कापत असाल तर हे जमणार नाही, तेव्हा पुढच्या वर्षीच्या हिशोबात तेवढं नत्र जास्त धरा.

चिपाड जाळून जी राख उरते तिच्यात पालाश आणि स्फुरद असतं, नत्र धुरातून गेलेलं असतं. आम्लधर्मी जमिनीला ही राख फार चांगली. चुनखडीच्या जमिनीत टाकू नका आणि युरियासोबत कधीच मिसळू नका. इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या स्पेंटवॉशमध्ये तर पालाश भरलेला असतो, पण ते आम्लयुक्त, क्षारयुक्त आणि सेंद्रिय पदार्थांनी इतकं गच्च असतं की तसंच सोडलं तर मुळांचा श्वास कोंडतो. प्रक्रिया केलेलं, पाणी घालून पातळ केलेलं, पेरणीच्या बरंच आधी आणि तिथले नियम सांगतील तेवढंच घ्या. पहिल्या वर्षी शेताच्या एका कोपऱ्यात घ्या आणि त्या कोपऱ्याची क्षारता पुढच्या पेरणीआधी मोजा.

खोडवा ठेवणार असाल तर तोडणीनंतर आठवडाभरात नत्राची मात्रा द्या, कारण जुन्या मुळांवर फुटलेल्या नवीन फुटव्यांना लगेच भूक लागते.

आणि दर हंगामात एक ओळ बिनखताची ठेवा. बाकी सगळं सारखं, फक्त नत्र नाही. फुलोऱ्यानंतर तीन आठवड्यांपासून दर चार दिवसांनी त्या ओळीतली पाच आणि शेजारच्या ओळीतली पाच ताटं घ्या, प्रत्येकाचं खालचं, मधलं आणि वरचं पेर पिळून ब्रिक्स लिहून ठेवा, काढणीला दोन्ही ओळींचं दहा-दहा मीटरचं वजन करा. वजनाला ब्रिक्सने गुणलं की कोणत्या ओळीत साखर जास्त निघाली ते कळतं. माझ्या सर्वांत भारी तुकड्यात गेले दोन हंगाम बिनखताची ओळ शेजारणीच्या फार मागे नव्हती. तिथे येत्या पेरणीला मी नत्र ८० वरून ५० वर आणतोय.